राखाडी निंजांचे चाचा

चाचा कुणाच्या कानात काही सांगत असले, की ते खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जायचं. आणि अशा माणसाकडे आमच्या स्टुडिओनं काम दिलं होतं निंजांचं! ज्यांच्या पावलाचाही आवाज होता कामा नये, अशा लोकांचं.

आमचा स्टुडिओ नाशिकला, कॉलेज रोडपासून जरा आत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. पस्तीस-चाळीस जण बसून अमेरिकेतल्या मुलांसाठी कार्टून बनवायचो. गोष्ट त्यांची, आवाज त्यांचे. माणसं हलवायचं काम आमचं. मी तिथे कोऑर्डिनेटर होते. म्हणजे कुठला शॉट कुणाकडे आहे, कधी होणार आणि का झाला नाही, हे दिवसभर विचारत फिरणारी बाई. चाचा मूळचे मालेगावचे. पन्नाशीही गाठली नव्हती, पण पंचविशीतल्या पोरांच्या त्या ऑफिसात दाढीत पांढरं दिसलेला तो एकच माणूस, म्हणून सगळ्यांचे चाचा. आठवडाभर नाशिकला एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी घरी जायचे, सोमवारी सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उतरून थेट कामावर.

आमची मालिका एका मुलीची होती. मावशीच्या बेकरीत पाव भाजायचे आणि मधल्या वेळात निंजा होऊन गाव वाचवायचं. तिचा पोशाख पिवळाजर्द. तिच्याविरुद्ध दर भागात खलनायकाची फौज यायची: राखाडी कपड्यांतले चाळीस निंजा. यायचे, ओरडायचे, मार खायचे, धूर सोडून गायब व्हायचे. क्लायंटनं पाठवलेल्या चित्रात या चाळिसांचा चेहरा एकच होता. खरं तर चेहराच नव्हता. फडकं गुंडाळलेलं, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या फटी.

पहिल्याच आठवड्यात चाचा ते चित्र घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बेटा, एक बात बता. लपायचं काम आहे ना यांचं?"

"हो."

"मग हल्ला करायच्या आधी ओरडतात कशाला?"

"स्क्रिप्टमध्ये आहे, चाचा."

"आणि ही पोरगी. अंधारात लपणार, आणि कपडे हळदीसारखे?"

"तेही तिकडूनच ठरून आलंय."

"ठीक. पण एक मला समजलं. तिकडच्या सगळ्या कार्टूनमध्ये बघ तू. निंजा एकटा आला तर भारी. पन्नास आले की भाजीपाला. का? पन्नास जणांना कुणी बघतच नाही म्हणून."

एवढं बोलून ते गेले. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर काचेखाली एक कागद दिसला. एक ते चाळीस आकडे, आणि प्रत्येकासमोर बारीक अक्षरात काहीतरी. नंबर चार: पाठ दुखते. नंबर नऊ: नवीन लागलाय, धूर नीट सोडता येत नाही. नंबर सतरा: याला हे काम करायचं नव्हतं. नंबर बावीस आणि तेवीस: साडू, एकमेकांकडे बघत नाहीत.

मी हसत सुटले. चाचा हसले नाहीत. "पडायचंय यांना," ते म्हणाले. "पाठ दुखणारा कसा पडतो आणि नवा पोरगा कसा पडतो, फरक असतो ना? मारणारा हिरो असतो, बेटा, पण त्याला मोठं कोण करतं? पडणारा."

आणि पडायचं कसं, हे ते स्वतः पडून बघायचे. मीटिंगच्या खोलीतलं टेबल बाजूला सारायचे, एक जुनी गादी टाकायचे आणि धाडकन अंग टाकून द्यायचे. कधी कुशीवर, कधी गुडघ्यावर, कधी खुर्चीसकट. पडल्या पडल्या डोळे मिटून तसेच थांबायचे, मग उठून जागेवर येऊन काढायला बसायचे. एकदा नव्यानं लागलेल्या झाडूपोछावाल्या मावशी ते बघून किंचाळतच बाहेर आल्या होत्या. "साहेबांना फिट आलीय!" त्यानंतर मीटिंगच्या खोलीच्या दारावर चाचांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी लागली: 'आत पडणे चालू आहे.'

डोळ्यांचं वेड मात्र मला फार उशिरा समजलं, आणि समजलं तेही पोलीस चौकीतून फोन आल्यावर.

सोमवार होता. चाचा अजून आले नव्हते. फोनवर एक हवालदार बाई. "तुमच्या ऑफिसचं कार्ड सापडलंय यांच्याकडे. जरा या."

मी रिक्षा करून द्वारकेला पोचले. चौकीत चाचा बाकावर बसलेले, मांडीवर हात. शेजारी एक मुलगी उभी, नाशिकच्या उन्हात स्कूटीवर निघणाऱ्या सगळ्या मुली गुंडाळतात तसा स्कार्फ डोक्या-तोंडाला गुंडाळलेला. टेबलावर चाचांची चित्रांची वही.

"हे तुमच्याकडे काम करतात?" हवालदार बाईंनी विचारलं.

"हो."

"काय काम करतात?"

"निंजा," मी म्हणाले. घाईत दुसरं काही सुचलंच नाही.

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "हे सिग्नलजवळ चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे डोळे काढतात. हिनं तक्रार केलीय. बरोबर केलंय तिनं. उद्या कुणी माझे काढले तर?"

चाचा उठून उभे राहिले. ते काही बोलणार तेवढ्यात मला भीती वाटली, की आता अख्ख्या द्वारकेला ऐकू जाणार. गेलंच. "गलती माझी आहे, ताई. विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. माफ करा."

हवालदार बाईंनी वही उघडली. पानामागून पान नुसते डोळे. स्कार्फमधले, रुमालामधले, ट्रकमधून गोण्या उतरवणाऱ्या हमालांच्या टॉवेलमधले. बायका कमी, पुरुषच जास्त. आणि प्रत्येक जोडीखाली एक ओळ. 'उशीर झालाय, पण घाई नाही.' 'कुणाच्या तरी फोनची वाट.' 'भांडून निघाला, आता पस्तावतोय.' बाई वाचत गेल्या आणि त्यांचा पान उलटायचा वेग कमी होत गेला. शेवटी त्यांनी वही त्या मुलीपुढे सरकवली.

तिच्या डोळ्यांखाली लिहिलं होतं: 'सकाळी रडली. आता ठीक.'

मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग तिनं ते फाडलं, चार घड्या घालून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." आणि निघून गेली.

त्या दिवसापासून चाचांनी विचारल्याशिवाय कुणाचे डोळे काढले नाहीत. विचारल्यावर बहुतेक जण नाहीच म्हणायचे. वही भरायला मग वर्ष लागलं.

आता त्या बेकरीच्या शॉटबद्दल सांगते, कारण चाचा मला खरे कळले ते तेव्हा.

प्रसंग असा: राखाडी निंजा बेकरीच्या कोठारात घुसतात. आपली पिवळी मुलगी पिठाच्या पोत्यांची अख्खी मांडणी त्यांच्या अंगावर पाडते. मग पुढे येऊन मावशीला सांगते, की मीच ती निंजा आहे, इतके दिवस तुझ्यापासून लपवलं. मागे धूर, राखाडी मंडळी गायब. नऊ सेकंद. चाचांनी शॉट दिला, आम्ही पाठवला, दुसऱ्या दिवशी परत आला. क्लायंटचा शेरा: मागच्या निंजांकडे लक्ष जातंय, काढा.

मी शॉट लावून बघितला. मुलगी पुढे बोलत होती. मागे एका निंजाचा पाय मांडणीखाली अडकला होता. बाकीचे धुरात शिरत होते. त्यांतला एक जाता जाता थांबला, वळला, अडकलेल्याकडे बघितलं आणि परत येऊन त्याला ओढून काढलं.

चाचांनी ओढून काढणं काढून टाकलं, पण वळून बघणं ठेवलं. अर्धा सेकंद. शॉट परत आला. मग ते बघणं त्यांनी आणखी लहान केलं. शॉट तिसऱ्यांदा परत आला. आमचा सुपरवायझर निनाद, वयानं चाचांपेक्षा बराच लहान आणि स्वभावानं तसा वाईट नव्हे, पण त्या दिवशी तो वैतागला.

"चाचा, त्याला राहू द्या ना तिथेच!"

"पाय अडकलाय त्याचा."

"कार्टून आहे ते!"

"कार्टूनच आहे. पाय तर त्याचाच आहे ना?"

निनाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू समजाव त्यांना. नाहीतर मी शॉट दुसऱ्याकडे देतो."

मी चाचांना खाली चहाला घेऊन गेले. समजवायचं मनात होतं, पण बोलले चाचाच.

"लूमचा कारखाना बघितलाय तू? आतून?"

मी नाही म्हटलं.

"आत गेलीस तर तुला तुझाच आवाज ऐकू येणार नाही. पन्नास माग एकदम, खट्-खट्-खट्-खट्. आणि हवेत रुई उडते. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला फडकं. माझे अब्बा तिथे तीस वर्षं. मी डबा घेऊन जायचो. अब्बा मला डोळ्यांनी सांगायचे: ठेव, थांब, आईला सांग उशीर होईल. इतकं सगळं डोळ्यांनी. मोठ्यानं बोलायची सवय आमच्या घरात सगळ्यांना त्या कारखान्यानं लावली. आणि बघायचीपण."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एक दिवस अब्बांची बाही पट्ट्यात गेली. हात आत ओढला जायला लागला. ओरडले असतील. पण ऐकणार कोण? तोंडावर फडकं, दिसणार काय? समोरच्या मागावर जो माणूस होता, त्यानं नुसती मान वर केली. अब्बांचे डोळे बघितले. आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. हात वाचला. दोन बोटं गेली, हात वाचला."

"दोस्त होता त्यांचा?"

"दोस्त? अरे, पाण्याच्या नळावरून भांडण झालेलं दोघांचं. दोन वर्षं बोलणं बंद होतं." चाचांनी कप पुन्हा उचलला. "बोलणं बंद होतं, बेटा. बघणं बंद नव्हतं."

मी वर आले आणि निनादला म्हटलं, शॉट दुसऱ्याकडे देऊ नकोस, आधी अमेरिकेतल्या डिरेक्टरबाईंशी त्यांचं बोलणं करून दे. निनादनं कपाळाला हात लावला, पण दिलं करून.

व्हिडिओ कॉलवर पलीकडे डिरेक्टरबाई, हातात कॉफीचा मोठा मग. अलीकडे चाचा, आणि दुभाषा म्हणून मी. माझी फारशी गरजच पडली नाही. चाचांनी खिशातला रुमाल तोंडाला बांधला, एका हातानं टेबलावर खट्-खट् वाजवायला लागले, दुसरा हात बाहीत ओढला गेल्यासारखा केला. आणि नुसतं बघितलं कॅमेऱ्यात. मग उठून पलीकडच्या खुर्चीवर बसले, समोरचा माणूस झाले, मान वर केली. डिरेक्टरबाईंचा मग तोंडाजवळ तसाच थांबला होता.

मग त्या सावकाश बोलल्या, आणि मी ते चाचांना सांगितलं: "मला समजलं. फार चांगलं आहे. पण इथे ती मुलगी पहिल्यांदा मावशीला खरं सांगतेय. लोकांनी मागे बघितलं, तर तिचं कुणी ऐकणार नाही. मला सॉरी वाटतंय, पण इथे नाही."

चाचांनी रुमाल सोडला. शॉट लावायला सांगितला. एकदा बघितला, दोनदा बघितला, तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला.

"बरोबर आहे बाईचं," ते म्हणाले. "मीपण मागेच बघितलं."

आणि जागेवर जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं तो निंजा सरळ धुरात पाठवून दिला. मला वाईट वाटलं होतं. मी विचारलं, एवढ्या लवकर कसं मान्य केलंत? "सीन तिचा आहे ना," ते म्हणाले. "माझा माणूस तिच्या सीनमध्ये घुसला. निंजा असला म्हणून कुठेही घुसायचं असतं का?"

पुढच्या वर्षी क्लायंटनं एक नवीन सॉफ्टवेअर पाठवलं. एकच निंजा काढायचा, बटण दाबायचं, चाळीस जण आपोआप हल्ला करतात आणि आपोआप पडतात. निनादनं चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. त्यानं बराच वेळ इकडचं तिकडचं सांगून मग गर्दीचं काम आता राहिलं नाही, असं सांगितलं. चाचांनी फक्त एक विचारलं.

"पडतात कसे? दाखव."

निनादनं दाखवलं. चाचा पुढे वाकून बघत राहिले.

"सगळे एकाच बाजूला पडतात."

"क्लायंटला चालतंय, चाचा."

"हां. मग ठीक."

मी त्या खोलीत एक अक्षर बोलले नाही. बोलायला हवं होतं. बाहेर येऊन मी माझ्या तक्त्यातून त्यांचं नाव काढलं, आणि ओळ रिकामी दिसू नये म्हणून खालच्या ओळी वर सरकवल्या. ते करायला मला अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही.

चार-पाच महिन्यांनी मालिका संपायला आली. शेवटच्या भागाचे कागद आले त्यात डिरेक्टरबाईंनी एका शॉटसमोर खास लिहिलं होतं. खलनायक हरतो, किल्ल्याचा दरवाजा उघडतो, राखाडी निंजा बाहेर पडून आपापल्या घरी जातात. वीस सेकंद. समोर कुणी नाही, संवाद नाही. आणि खाली: हे त्या रुमालवाल्या माणसानंच करावं.

निनादनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोन नको. मी जाऊन येते."

मालेगावला चाचा भाच्याच्या दुकानात बसले होते. कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठांची नक्षी करत होते. एकच फूल, ओळीनं पुन्हा पुन्हा. मला बघून त्यांनी खुर्ची ओढली, मोसंबीचा रस मागवला, घरच्यांची चौकशी केली. मी आधी माफी मागितली. त्या दिवशी मी गप्प बसले, असं म्हटलं. "तू बोलली असतीस तर तुलापण काढलं असतं," ते म्हणाले. "मग आज निरोप घेऊन कोण आलं असतं?" मी शॉट सांगितला.

"वीस सेकंद? आणि पुढे कुणी बोलणार नाही?"

"कुणी नाही."

"धूर?"

"नाही. चालत जायचंय त्यांना."

त्यांनी फूल सेव्ह केलं आणि भाच्याला म्हणाले, "मी जरा नाशिकला जाऊन येतो."

बारा दिवस ते बसले. जागा त्यांचीच, खिडकीकडची. तिथे बसणारा पोरगा न सांगता उठून दुसरीकडे गेला होता. तेराव्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून शॉट लावला.

दरवाजा उघडला. राखाडी माणसं बाहेर आली. एकजण उंबऱ्यावर थांबून बुटातला खडा काढत होता, त्याच्यामागे आणखी दोघे खोळंबले होते. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्यानं तो राहू दिला. एक फाट्यावर पोचून इकडे बघायचा, तिकडे बघायचा. किती दिवस घरी गेला नव्हता कुणास ठाऊक, रस्ताच विसरला होता. एक पळतच सुटला. आणि एक दरवाजातून बाहेर येऊन नुसता उभा राहिला, उन्हात. फटींमध्ये आता बुबुळं होती. चाचांनी न विचारता काढलेली.

निनाद म्हणाला, "चाचा, शेवट आहे. एखाद्याचं फडकं काढू या का? चेहरा दिसेल."

"चेहरा दाखवून काय करू?" चाचा म्हणाले. "सगळं दिसतंय की."

शॉट गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: काहीही बदलू नका.

निनादनं त्याच दिवशी मला सांगितलं, की चाचांना विचार. नवीन मालिका येतेय, तीही निंजांचीच, आणि या वेळी गर्दी हातानं करून हवीय क्लायंटला. मी चाचांना सोडायला द्वारकेपर्यंत गेले. मालेगावकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथे आम्ही उभे होतो. मी सगळं सांगितलं. जागा तीच, काम तेच, फक्त या वेळचे निंजा लाल.

चाचांनी पिशवी खाली ठेवली.

"रागावून नाही सांगत, बेटा. खरंच नाही," ते म्हणाले. "पण आत्ताच चाळीस जणांना घरी पोचवलंय मी. आता परत कुणाला आणून मारात उभं करू?"

गाडी आली. कंडक्टरनं सटाणा फाटा, मालेगाव असा पुकारा केला. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि चढले. मी ऑफिसात परत आले, तेव्हा निनाद दारातच उभा होता.

"काय म्हणाले? कधी येतायत?"

"नाही येत," मी म्हटलं. "घरी गेले."